काकूंनी वळलेल्या माश्या

स्नेहलताकाकूंचा कापूस ऑकलंडच्या विमानतळावर ठेवून घेतला. ही २००४ सालची गोष्ट. मी तेव्हा तिथे नव्हतो. पण काकूंनी ती इतक्या वेळा सांगितली, की टेबलामागचा तो तरुण अधिकारी मला डोळ्यांसमोर दिसतो.

भोरच्या घरामागे काकूंची कपाशीची दोन झाडं होती. त्यांचा कापूस, सरकीसकट, उशीच्या अभ्र्यात भरून त्यांनी आणला होता. न्यूझीलंडमध्ये परवानगीशिवाय कसलंही बी आणता येत नाही. अधिकाऱ्यानं अभ्र्यात हात घातला, सरकी चाचपली आणि सॉरी म्हणाला. बॅगेत मेतकुटाचा डबाही होता. त्याचा त्यानं वास घेतला आणि तो परत दिला.

"मेतकुटानं एखाद्याचं पोट तरी बिघडेल," काकू म्हणत. "वातीनं कुणाचं काय बिघडलंय?"

काकूंनी लक्षवातींचा नेम धरला होता. एक लाख वाती आपल्या हातानं वळायच्या आणि देवापुढे लावायच्या. काका गेले त्या वर्षी त्यांनी सुरुवात केली. निम्म्याहून जास्त झाल्या, आणि मुलगा त्यांना इकडे घेऊन आला.

मुलगा यशोधन, वेलिंग्टनजवळ लोअर हटमध्ये राहणारा. इस्पितळात फार्मासिस्ट. सून भाग्यश्री नर्स. नात कौमुदी नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. सकाळी आठ वाजता घर रिकामं व्हायचं. उरायच्या काकू, आणि मागच्या अंगणातल्या सुट्या खोलीत मी.

मी त्यांचा भाडेकरू. पुण्यात मराठी घेऊन एम. ए. केलं होतं, त्यामुळे इथे एका डेअरीत ब्रेड आणि लॉटरीची तिकिटं विकत होतो. डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. दुधाचा संबंध एका फ्रिजपुरता. माझी पाळी दुपारची असायची. सकाळचा चहा मी काकूंबरोबर घ्यायचो.

"ये एमे," त्या म्हणायच्या. "बस. आज काय विकणार?"

बोलताना त्यांची बोटं पदराचं टोक वळत राहायची. वळायचं, उलगडायचं, पुन्हा वळायचं. यशोधननं औषधाचा कापूस आणून दिला होता. काकूंनी तो एकदा वळून पाहिला. "हा नुसता फुगतो. याला तंतू नाही." ऑकलंडमधल्या सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून कुणीतरी तयार वातींची पाकिटं आणली. त्या वाती देवापुढे लागल्या. नेमात धरल्या गेल्या नाहीत.

शेजारी ट्रेव्हर राहायचा. सत्तरीचा. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर म्हणून आयुष्य गेलेलं. बायको वारलेली. गॅरेजचं दार उघडं टाकून तो दिवसभर टेबलाला बसवलेल्या एका लहानशा वाइसपुढे बसायचा. वाइसच्या जबड्यात गळ पकडलेला असायचा. त्या गळावर दोरा, पिसं आणि लव गुंडाळून तो किडे बनवायचा. नदीतला ट्राउट मासा त्यांना खरा किडा समजतो आणि तोंडात घेतो. इंग्रजीत त्याला फ्लाय म्हणतात. काकू माशी म्हणायच्या.

एकदा काकू कुंपणावरून त्याला रव्याचे लाडू द्यायला गेल्या. मी सोबत होतो. ट्रेव्हर दोऱ्यावर लव पिळत होता. सांधेवातानं त्याची बोटं वाकडी झाली होती. लव सुटून मांडीवर पडत होती. त्यानं एक शिवी दिली आणि मग आम्हाला बघून माफी मागितली.

काकूंनी लाडूंची वाटी माझ्या हातात दिली. फाटक उघडून त्या आत गेल्या आणि हात पुढे केला.

"द्या इकडे."

ट्रेव्हरला मराठी येत नव्हतं. पण हात कळला. त्यानं दोरा दिला. काकूंनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात चिमूटभर लव घेतली. दोऱ्याला लावली आणि एकदाच फिरवली. लव दोऱ्याभोवती अशी बसली, की दोराच केसाळ उगवल्यासारखा दिसला.

ट्रेव्हरनं चष्मा पुसला. पुन्हा घातला.

"हे कुठे शिकलात, मिसेस के?" त्यानं विचारलं. करमरकर हे आडनाव त्यानं पहिल्याच दिवशी सोडून दिलं होतं.

मी सांगितलं. देवासाठी वाती वळतात. आतापर्यंत साठ हजार झाल्या.

"साठ हजार," ट्रेव्हर म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून काकू गॅरेजमध्ये बसू लागल्या. ट्रेव्हरनं त्यांच्यासाठी खुर्चीवर उशी ठेवली. तो मेण वापरायचा. काकूंनी मेण नाकारलं आणि बोटाला भस्म लावलं. महिन्याभरात त्या अख्खी माशी करायला शिकल्या. गळावर तांब्याची तार आल्यावर त्यांना बरं वाटलं. "तांबं शुद्ध," त्या म्हणाल्या. मोराचं पीस आलं तेव्हा त्यांनी आधी ते कपाळाला लावलं.

लव सशाच्या कानाची असायची. काकू कांदालसूणही सणावाराला न खाणाऱ्या. मला वाटलं, इथे अडणार.

"लोकरीची धाबळी सोवळ्यात चालते की नाही?" त्यांनी मलाच विचारलं. "तशी ही. केसाला दोष नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "सशाचं काय झालं असेल रे?"

"म्हातारा होऊन गेला असेल, काकू."

"हो. तसंच असेल."

आणि त्यांनी पुढची चिमूट उचलली.

माशाचं मात्र त्यांनी विचारलं. स्पष्ट विचारलं. पहिली पूर्ण माशी झाली त्या दिवशी त्यांनी ती तळहातावर ठेवली आणि मला म्हणाल्या, "विचार ट्रेव्हररावांना, धरलेला मासा जिवंत सोडतात ना? माझ्या माशीनं एक जरी मेला, तर मी पुन्हा याला हात लावणार नाही."

मी विचारलं. ट्रेव्हर गंभीर झाला. त्यानं हातातली पक्कड खाली ठेवली.

"सोडतो," तो म्हणाला. "वीस वर्षं मी मासे परत सोडतोय. पण वर्षातून एखादा खोल अडकतो. कल्ल्यातून रक्त जातं. तो जगत नाही. त्याला तडफडायला सोडायचं नाही. लगेच मारायचा आणि खायचा. वाया घालवायचा नाही. हे सगळं सांग त्यांना."

काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या बोटांना लव चिकटली होती. आधीचे सात महिने ती बोटं नुसता पदर वळत होती; आता ती कामात होती.

"सोडतात म्हणाले," मी सांगितलं. "वीस वर्षं सोडतायत."

"एवढा वेळ बोलत होते की."

"इंग्रजी लांबतं, काकू."

त्या हसल्या. मला फार चांगलं काम केल्यासारखं वाटलं.

वर्ष गेलं. काकूंच्या माश्या ट्रेव्हरच्या क्लबात पोहोचल्या. कोण कुठले म्हातारे रविवारी गॅरेजपाशी येऊन उभे राहायचे आणि काकूंची बोटं पाहायचे. "किया ओरा, मिसेस के," म्हणायचे. काकूही "किया ओरा" म्हणायच्या. तो माओरी शब्द त्यांना नमस्कारासारखा वाटायचा. कौमुदीनं शाळेत आजीची माशी नेऊन दाखवली. यशोधननं मासेमारीचा परवाना काढला. तो अधूनमधून ट्रेव्हरबरोबर नदीवर जाऊ लागला.

२००६ सालच्या फेब्रुवारीत ट्रेव्हर म्हणाला, मिसेस केंनी आपली माशी पाण्यात पाहिलीच पाहिजे. वाइओहिनी नदीच्या घळीत तंबू ठोकायचे. शुक्रवारी जायचं, रविवारी परत. भाग्यश्रीची शनिवार-रविवार ड्यूटी होती. कौमुदीला मैत्रिणीचा वाढदिवस होता. म्हणजे काकू, यशोधन, ट्रेव्हर आणि मी.

मी टाळायचा प्रयत्न केला.

"काकू, तिथे सँडफ्लाय चावतात. फार खाज येते."

"भोरला डास नव्हते का?"

"झोपायला जमीन असते."

"एमे, तू येऊ नकोस हवं तर."

मी गेलो.

रिमुटाकाच्या घाटातल्या वळणांवर यशोधनची गाडी हळू चालली. "अगदी वरंध घाट," काकू म्हणाल्या आणि पिशवीतून आलेपाकाच्या वड्या काढून सगळ्यांना दिल्या. ट्रेव्हरनं ती वडी पलीकडच्या उतारापर्यंत तोंडात धरली. चावायची असते हे त्याला कुणी सांगितलं नाही.

नदी दगडांची होती. पाणी इतकं स्वच्छ, की खोली कळत नव्हती. तंबू लागले. काकूंच्या तंबूत ट्रेव्हरनं स्वतःची घडीची खाट टाकली. काकूंनी पायांत कौमुदीची जॅण्डल्स घातली होती, इथे चपलांना तसं म्हणतात. दहा-अकरा वर्षांच्या पोरीची ती जोडी त्यांना नेमकी बसली. मला तोपर्यंत कधी जाणवलं नव्हतं, की त्या किती लहानखुऱ्या आहेत.

शनिवारी सकाळी काकू पाण्याकाठच्या सपाट दगडावर बसल्या. मांडीवर स्टीलचा डबा. डब्यात कुरमुरे.

"माझ्या माहेरी, महाडकडे, नदीला एक कोंड आहे, मोठा डोह," त्या मला म्हणाल्या. "त्यातले मासे देवाचे. कुणी धरायचे नाहीत. आम्ही मुली कुरमुरे टाकायचो. हे एवढाले मासे वर यायचे. तोंडं उघडी. हाताला लागायची."

त्यांनी मूठभर कुरमुरे पाण्यात टाकले. ते वाहत गेले. एकही मासा वर आला नाही.

ट्रेव्हर कमरेइतक्या पाण्यात उभा होता. तो मोठ्यानं हसला. "ते कुरमुरे खात नाहीत, मिसेस के. ते फक्त तुम्ही केलेलं खातात."

मी भाषांतर केलं. काकूंना ते फार आवडलं.

मग त्यानं दोर फेकला. मी इतकी वर्षं कवितेबद्दल लिहिलं आहे, पण तो दोर हवेतून कसा गेला हे मला लिहिता येणार नाही. माशी वरच्या अंगाला पडली आणि प्रवाहाबरोबर खाली आली. खुणेसाठी दोऱ्याला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा लोकरीचा ठिपका क्षणभर थांबला. ट्रेव्हरनं गळाची काठी उचलली.

मासा हातभर होता. सोनेरी, अंगावर काळे-तांबडे ठिपके. ट्रेव्हरनं तो पाण्यातच धरला आणि काकूंना बोलावलं. काकू साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरल्या. माशाच्या ओठाच्या कोपऱ्यात त्यांची माशी होती. सशाची लव, तांब्याची तार. ट्रेव्हरनं ती काढली. मासा त्याच्या हातांत थोडा वेळ थांबला, कल्ले हलवत. मग गेला.

"गेला," काकू म्हणाल्या. "गेला रे."

त्यांनी ओले हात डोळ्यांना लावले.

दुपारपर्यंत तसेच दोन मासे आले आणि गेले. काकू त्यांना सासरी निघालेल्या मुलीसारखं "नीट जा" म्हणत होत्या. मला वाटलं, आता काही होत नाही.

तीनच्या सुमारास काठी यशोधनच्या हातात होती. तो वरच्या डोहात फेकत होता. मासा लागला, पण त्याला उशिरा कळलं. त्यानं घाईनं ओढलं. मासा जवळ आला तेव्हा पाणी तांबूस झालेलं होतं.

ट्रेव्हर गेला. मीही गेलो. माशी तोंडात दिसत नव्हती. आत कल्ल्यांपाशी रुतली होती. यशोधननं मागे वळून पाहिलं. काकू दगडावरून उठल्या होत्या.

"सोडून देतो," यशोधन हळू म्हणाला. "आई बघतेय. पटकन सोडतो."

"तो मरेल," ट्रेव्हर म्हणाला.

"मरू दे. तिकडे जाऊन मरू दे."

ट्रेव्हरनं त्याच्याकडे पाहिलं. एवढंच. मग मासा त्याच्या हातून घेतला, काठावर आणला, खिशातून एक आखूड लाकडी दांडू काढला आणि डोक्यावर दोन घाव घातले. मासा एकदा थरथरला. थांबला.

काकू तोपर्यंत आमच्यापाशी पोहोचल्या होत्या.

नदीचा आवाज मोठा होता. तरी त्या काय म्हणाल्या ते मला नीट ऐकू आलं.

"सोडला का नाही, विचार त्यांना."

मी विचारलं नाही. मी म्हणालो, "काकू, ते तेव्हाच म्हणाले होते. वर्षातून एखादा मरतो. मग तो मारून खातात. मी तुम्हाला सांगितलं नाही."

ट्रेव्हरला शब्द कळले नाहीत. पण माझा चेहरा कळला.

"तू सांगितलं नव्हतंस?" त्यानं मला विचारलं. "वर्षभर त्या माझ्या खुर्चीत बसल्या, आणि तू सांगितलं नव्हतंस?"

दोन म्हातारी माणसं माझ्याकडे पाहत होती. यशोधन पाण्याकडे पाहत होता. मासा गवतावर होता. त्याचे रंग विझत चालले होते, डोळ्यांदेखत.

काकू वळल्या आणि तंबूत गेल्या. चेन वर ओढल्याचा आवाज आला.

त्यानंतरचे तीन तास मी मोजले नाहीत, पण ते संपत नव्हते. ट्रेव्हरनं मासा ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवला. आपल्या माश्यांची पेटी त्यानं गाडीच्या टपावर ठेवून दिली. यशोधन दोनदा तंबूपाशी गेला. "आई, चहा?" चेन उघडली नाही. तो माझ्यापाशी येऊन बसला.

"ती आता बंद करणार," तो म्हणाला. "एकदा नाही म्हणाली की संपलं. बाबा गेल्यावर चहात साखर सोडली, ती अजून नाही. परत पदर वळत बसेल दिवसभर. मला बघवत नाही रे ते."

"माझ्यामुळे झालं."

"मासा माझ्यामुळे मेला," यशोधन म्हणाला.

सहा वाजले. फेब्रुवारीत तेव्हा चांगलं ऊन असतं. तंबूची चेन उघडली. काकू बाहेर आल्या. साडी बदललेली, पदर कमरेला खोचलेला. हातात त्यांचा तवा होता, भोरहून आणलेला, बिडाचा. दुसऱ्या हातात पिशवी. त्या पिशवीत वांगं होतं. रात्री वांग्याचे काप करायचे ठरले होते.

"याचं आता काय करणार?" त्यांनी विचारलं.

ट्रेव्हर म्हणाला, लोण्यात तळून मी खाईन.

"उरला तर विकणार?"

ट्रेव्हरनं मान हलवली. ट्राउट विकता येत नाही. या देशात तसा कायदाच आहे. दुकानात मिळत नाही, हॉटेलात मिळत नाही. धरणाऱ्यानं खायचा, नाहीतर कुणाला द्यायचा.

मी हे सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

काकूंनी ऐकलं. "बरं आहे हे," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "साफ करा म्हणावं. मी बघते."

ट्रेव्हरनं नदीकाठी मासा चिरला. काकू शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. एकदा त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. पण नजर वळवली नाही. कल्ल्यांमधून त्यांचीच माशी निघाली, तार चकाकत होती. ट्रेव्हरनं ती धुऊन त्यांच्या हातावर ठेवली.

माशाच्या तुकड्या झाल्यावर काकू गॅसच्या शेगडीपाशी बसल्या.

"आई," यशोधन म्हणाला, "तुझा तवा आहे तो."

"तवाच आहे."

"तुला येतं का हे?"

"नाही. कापांसारखं करते. हळद, तिखट, मीठ, वर तांदळाचं पीठ. आणखी काय लागतं, ते तू सांग. तू खातोस."

यशोधननं तेलाची बाटली उघडून पुढे ठेवली.

"मागच्या मार्चपासून खातोस. तुझ्या निळ्या शर्टाच्या बाहीला खवले होते. मीच धुतला तो. माझ्यापासून चोरून खाल्लंस, तेवढं एक वाईट केलंस. खाल्लंस याचं काही नाही." त्यांनी तुकडी पिठात घोळवली. पीठ सगळीकडे सारखं बसलं. "ताट घे."

तेलात चर्र झालं. काकूंनी पदर नाकाला लावला आणि एका हातानं तुकड्या उलटल्या. मला तिथे काय वाटलं ते सांगता येत नाही. सहासष्ट वर्षांत त्यांनी अंडंसुद्धा हातात धरलं नव्हतं.

त्यांनी तीन ताटल्या वाढल्या. ट्रेव्हरला, यशोधनला, आणि तिसरी माझ्यापुढे सरकवली.

"काकू, मी नाही खात."

"माहीत आहे."

"कधीच खाल्लेला नाही."

"एमे," त्या म्हणाल्या, "वर्षभर तू मला अर्धं सांगितलंस. आता ताटात पूर्ण वाढलंय. टाकायचं नाही."

मी खाल्लं. ट्रेव्हरनं आधी टोपी काढली, मग खाल्लं. यशोधन खाताना रडत होता असं मला वाटलं. तिखट जरा जास्त झालं होतं, तेही कारण असेल. काकू स्वतः काही जेवल्या नाहीत. वांगं तसंच राहिलं. त्या समोर बसून, ताटातलं संपलं की विचारत होत्या, "आणखी वाढू?" काटे त्यांनी पानात गोळा केले, दगडाखाली पुरले. मग नदीत उतरून, साडीसकट, त्यांनी तीन बुड्या घेतल्या. पाणी बर्फासारखं होतं. कुणी त्यांना अडवलं नाही.

रविवारी सकाळी मी उठलो तेव्हा काकू ट्रेव्हरसमोर बसल्या होत्या. मधे माश्यांची पेटी. ती बंद होती. दोघेही माझी वाट पाहत होते.

"सगळं सांगायचं," काकू मला म्हणाल्या. "त्यांचं मला. माझं त्यांना."

"हो."

"मी तुझ्यावर रागावले होते. रात्री विचार केला. तू अर्धं सांगितलंस, कारण मला अर्धंच हवं होतं. सशाचं मी पुन्हा विचारलं का? नाही विचारलं. मला काम हवं होतं." त्या थांबल्या. "आता विचार, काय केलं असतं तर तो सुटला असता?"

ट्रेव्हरनं पेटी उघडली. एक माशी घेतली आणि गळाचं टोक काकूंच्या बोटाला लावलं. टोकाच्या जरा मागे एक बारीक उलटा काटा असतो. त्यानं मासा अडकून राहतो आणि काढताना फाटतो. काटा चेपून टाकला तर गळ अलगद निघतो. मग पुष्कळ मासे आपले आपणच सुटून जातात.

"मग हे का चेपत नाहीत?"

"मासे सुटतात म्हणून," ट्रेव्हर म्हणाला. मग लालसर झाला. "आणि त्यांना सांग, काटा चेपला तरी एखादा मरेल. कमी मरतील. पण मरेल. गळ तो गळच."

मी सांगितलं. शेवटचं वाक्यसुद्धा.

काकू नदीकडे बघत बसल्या. बोटं पदराच्या टोकाशी गेली. टोक धरलं. वळलं नाही.

"पक्कड द्या," त्या म्हणाल्या.

पेटीत त्यांच्या दोनशेच्या वर माश्या होत्या. त्यांनी पहिली उचलली, काटा पकडीत धरला, दाबला. बोट फिरवून पाहिलं. बाजूला ठेवली. दुसरी घेतली. ट्रेव्हर वर्षभराची ती सगळी कमाई चेपली जाताना पाहत होता. दोन गळ तुटले. पाचव्या-सहाव्या माशीनंतर त्यानं खिशातून दुसरी पक्कड काढली. पण त्याच्या बोटांनी ती दाबवेना. मग तो माश्या उचलून काकूंच्या हातात देत राहिला.

"अर्धे मासे सुटतील," तो म्हणाला.

"सुटू देत."

"आणि एखादा मेला तर, मिसेस के? मग तुम्ही बंद करणार?"

मी विचारलं. काकूंनी हातातली माशी पुरी केली, मगच बोलल्या.

"तसं झालं तर मला येऊन सांगायचं. झाकायचं नाही. मी करून वाढीन. ज्या दिवशी माझ्यानं वाढवणार नाही, त्या दिवशी बंद करीन."

तो तवा पुन्हा घरात आला नाही. ट्रेव्हरच्या गॅरेजमध्ये एका खिळ्याला लटकला. भाग्यश्रीनं नवा आणला.

मासेमारीचा मोसम संपायच्या आठवड्यात, एप्रिलमध्ये, सकाळी मागच्या दारावर टकटक झालं. मी चहा घेत होतो. ट्रेव्हर दारात उभा होता. टोपी काखेत, हातात वर्तमानपत्राचं ओलं पुडकं. तो आत आला नाही. खाली बघत उभा राहिला.

काकूंनी पुडक्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. बोटांवरचं भस्म त्यांनी पदराला पुसलं.

"एमे, यशोधनला फोन कर. जेवायला घरी ये म्हणावं," त्या म्हणाल्या. "आणि तांदळाचं पीठ काढ."